प्रतिभा, स्फूर्ती आणि कच्ची वही

मुळाकाठची बाई (धागाकर्ती)

पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी गेली 22 वर्षे मराठी शिकवते. गेल्या महिन्यात नववीच्या वर्गाला मी ‘बंद पडलेल्या घड्याळाचे मनोगत’ हा निबंध दिला होता. विषय जुनाच आहे, हे मला मान्य आहे. तास संपताना एका मुलीने केवळ शीर्षक लिहिलेली वही माझ्यापुढे ठेवली आणि अगदी शांतपणे सांगितले, “बाई, माझ्या ताईला सुचतं, मला नाही सुचत. तिच्यात ते आहे.” ती कामचुकारपणा करत नव्हती. उंची किंवा डोळ्यांचा रंग असावा तसे ‘ते’ एखाद्यात असते किंवा नसते, अशी तिची खात्री होती. ही खात्री तिने कुठून घेतली असेल याचा विचार करताना लक्षात आले की ती आमच्याकडूनच घेतली आहे. म्हणजे शिक्षकांकडून, आणि पाहुण्यांसमोर ‘धाकटीला कलेचे अंग नाही हो’ असे सहज म्हणून जाणाऱ्या घरच्या मंडळींकडून.

सर्जनशीलतेविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच कारणाने टिकून राहिले आहेत, असे मला वाटते. आपल्यासमोर नेहमी पक्की वही येते, कच्ची वही कधीच येत नाही. शाळेत निदान कच्ची वही असते, ही गोष्ट तरी मुलांना माहीत असते. मोठ्यांच्या जगात तिचे अस्तित्वच लपवले जाते आणि कधीकधी तर तिच्या जागी एखादी सुंदर कथा रचून ठेवली जाते.

अशा रचलेल्या कथेचे एक उदाहरण युरोपातले आहे. सबंध रचना आपल्या मनात एकदमच, पूर्ण झालेल्या चित्रासारखी उभी राहते आणि नंतर ती कागदावर उतरवणे एवढेच काम उरते, असे मोत्सार्ट या संगीतकाराने म्हटल्याचे एक पत्र 1815 मध्ये फ्रीडरिश रोखलिट्स या जर्मन संपादकाने छापले. मोत्सार्ट तेव्हा हयात नव्हता. तो 1791 मध्येच वारला होता. पुढे अनेक विद्वानांनी त्या पत्राच्या आधारे प्रतिभेचे सिद्धान्त मांडले, परंतु पत्र बनावट असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. खऱ्या मोत्सार्टच्या हस्तलिखितांत टाचणे आहेत आणि अर्धवट सोडलेल्या रचनाही आहेत.

दुसरी कथा केकुले या रसायनशास्त्रज्ञाची. स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप त्याला पेंगेत दिसला आणि बेंझिनच्या रेणूची वर्तुळाकार रचना उलगडली, ही गोष्ट बारावीच्या मुलांनाही सांगितली जाते. तो सिद्धान्त 1865 चा आहे आणि स्वप्नाची गोष्ट केकुलेने स्वतः सांगितली ती 1890 मध्ये, सत्कारसमारंभाच्या भाषणात. स्वप्न पडलेच नसेल, असे मी म्हणत नाही. पण कार्बनचे अणू एकमेकांशी कसे जोडले जातात याचा सिद्धान्त त्याने 1858 मध्येच मांडला होता, म्हणजे तो साप कितीतरी वर्षे त्याच प्रश्नात बुडालेल्या माणसाला दिसला. शिवाय त्याच भाषणात त्याने असाही इशारा दिला होता की जाग्या बुद्धीने पारखून घेण्यापूर्वी कोणी आपली स्वप्ने जाहीर करू नयेत. साप सर्वांच्या लक्षात राहिला आणि हा इशारा मात्र मागे पडला.

आता घरचे उदाहरण. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, असे तुकोबांनी स्वतः सांगितले आहे. ते आपण श्रद्धेने सांगतो आणि सांगावेच. पण त्याच तुकोबांनी आपले चरित्र सांगणाऱ्या अभंगात ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां’ असेही लिहून ठेवले आहे. म्हणजे कवित्वाच्या आधी पाठांतर होते. देहूच्या वाण्याने आपली कच्ची वही लपवलेली नाही. आपणच ती उघडत नाही.

आपापल्या क्षेत्रात आपण काय पाहिले आहे, हे जाणून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

पेठकर

विषय उत्तम आहे. प्रथम एक शुद्धलेखनाची बाब, कारण ती मी केली नाही तर दुसरा कोणीतरी करीलच. आपण ‘सर्जनशीलता’ लिहिले आहे, ते बरोबर आहे. ‘सृज्’ धातूपासून ‘सर्जन’ होते. ‘सृजनशीलता’ वृत्तपत्रांनी रूढ केली आहे. मूळ विषयावर सवडीने लिहितो.

षड्ज

बाई, आपल्या लेखाशी मी अर्धाच सहमत आहे. मी 30 वर्षे गाणे शिकतो आहे आणि गेली काही वर्षे शिकवतोही. ‘सगळे कष्टाने येते’ हा मला आपण खोडून काढलेल्या गैरसमजाचा जुळा भाऊ वाटतो. माझ्याकडे पहाटे पाचला उठून दोन-दोन तास खर्ज लावणारे विद्यार्थी आहेत. त्यांचा आवाज तयार होतो, तान स्वच्छ होते, बंदिश चोख बसते, आणि तरीही त्यांच्या यमन रागात पुढची जागा, म्हणजे पुढचे खास स्वरवळण, कोणती येणार, हे मला आधीच कळते. उलट एखादी मुलगी आठवड्यातून चार दिवस येते, तालात चुकते, पण गंधारावरून निषादाकडे अशी जाते की मी पेटीवरचा हात थांबवतो. हा फरक कच्च्या वहीने कसा समजावणार?

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने सांगतो. नक्कल केली की स्वतःचे असे काही उरत नाही, हा पालकांचा आवडता समज आहे. ‘सर, तिला तिच्या मनाने गाऊ द्या ना,’ असे मला पहिल्याच महिन्यात सांगितले जाते. आमच्या विद्येत शिष्य कित्येक वर्षे गुरूचा उच्चार, श्वास आणि जागाही उचलतो. भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहून शिकले, आणि गुरूंच्या निधनानंतर 1953 पासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. त्यांचे गाणे गुरूच्या गाण्याची प्रत होती, असे ते ऐकलेला एकही माणूस म्हणणार नाही. नकलेतून गेल्यावरच आपला आवाज कुठे वेगळा पडतो, हे कळते. पण नकलेतून गेलेल्या प्रत्येकाचा तो वेगळा पडतोच असे नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे.

पेठकर

षड्ज यांनी उपस्थित केलेला प्रश्न जुना आहे आणि आपल्याकडे त्यावर मन लावून विचार झालेला आहे. आपण ‘प्रतिभा’ शब्द वापरतो तो ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’ या भट्ट तौत या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या व्याख्येमुळे. पण या व्याख्येतला ‘नवनव’ हा शब्द आपण घाईने वाचतो. एकदा चमकून गेलेल्या विजेबद्दल हे बोलणे नाही, पुन्हा पुन्हा नवे उमलत राहणाऱ्या बुद्धीबद्दल आहे.

मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने काव्याचे कारण सांगताना तीन गोष्टी घेतल्या: शक्ती; लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये पाहून आलेली निपुणता; आणि जाणकाराच्या हाताखाली केलेला अभ्यास. तिन्ही सांगून त्याने ‘हेतुः’ असे एकवचन वापरले आणि वृत्तीत, म्हणजे सोबतच्या स्पष्टीकरणात, स्वतःच खुलासा केला की हा हेतू आहे, हेतू अनेक नाहीत. तीन वेगवेगळी दुकाने नाहीत, तिन्ही मिळून एकच कारण आहे. षड्ज यांच्या पहाटेच्या विद्यार्थ्यांकडे तिसरी गोष्ट आहे. त्या मुलीकडे पहिली असावी. दुसरीची चौकशी कोणीच केलेली दिसत नाही: हे विद्यार्थी इतरांचे गाणे किती आणि कसे ऐकतात?

कोणी म्हणेल की पंडित जगन्नाथाने हे मत खोडले आहे. होय, ‘रसगंगाधर’ या आपल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात तो केवळ प्रतिभेलाच कारण मानतो. पण पुढच्याच विवेचनात प्रतिभेचे कारण काय, हा प्रश्न तो घेतो आणि उत्तर देतो की क्वचित देवतेच्या किंवा महापुरुषाच्या प्रसादाने लाभलेले अदृष्ट (न दिसणारे पुण्य), तर क्वचित विशेष व्युत्पत्ती (बहुश्रुतता) आणि काव्यरचनेचा अभ्यास. म्हणजे प्रतिभेचा कट्टर कैवारीसुद्धा ती अभ्यासातून उत्पन्न होऊ शकते, असे मानतो. आपले लोक इतके पुढे गेले होते, आणि आपण ‘अंगातच असावे लागते’ यावर येऊन थांबलो.

गणितवेडी

आतापर्यंतचे सर्व प्रतिसाद कविता आणि गाणे यांवर आहेत, ही गोष्ट मला बोलकी वाटते. सर्जनशीलता म्हणजे कला, आणि गणित म्हणजे नियम, हा गैरसमज इतका खोल आहे की त्याविरुद्ध धागा काढणाऱ्यांच्याही तो लक्षात येत नाही. (बाई, राग नसावा.)

आपल्याच भागातले उदाहरण द्यायचे तर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे देवळालीला शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलेले द. रा. कापरेकर घ्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. 3524 घेतली तर 5432 मधून 2345 वजा करून 3087 येतात, मग 8730 मधून 0378 वजा करून 8352, आणि मग 8532 मधून 2358 वजा करून 6174. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतेच. कापरेकरांनी हे 1949 मध्ये मांडले. यासाठी लागणारी वजाबाकी तिसरीच्या मुलालाही येते. ती करत राहावी आणि काय होते ते पाहावे, असे वाटणे, आणि जे दिसले ते विचित्र आहे हे ओळखणे, यालाच मी सर्जन म्हणते.

रामानुजनचे नाव अजून कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण ‘नामगिरी देवीने स्वप्नात सूत्रे सांगितली’ हे दैवी देणगीच्या बाजूचे हुकमी पान असते. शाळेच्या वयात त्यांच्या हाती कार नावाच्या लेखकाचे एक संकलन लागले. त्यात हजारो सूत्रे जवळजवळ सिद्धतेवाचून दिलेली होती आणि रामानुजन ती एकेक करून स्वतः सोडवत गेले. कागद महाग म्हणून सगळी आकडेमोड पाटीवर व्हायची, ती कोपराने पुसली जायची आणि वहीत फक्त शेवटचे उत्तर उतरायचे. केंब्रिजला गेलेल्या त्या वह्यांत पायऱ्या नाहीत, म्हणून पाहणाऱ्यांना चमत्कार वाटला. बाईंच्या भाषेत सांगायचे तर या माणसाची कच्ची वही रोज कोपराने पुसली जात होती.

हिंजवडीचा प्रवासी

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. नाव सांगत नाही. आमच्याकडे महिन्यातून एकदा ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ असते. काचेच्या खोलीत दहा माणसे, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या आणि ‘कोणतीही कल्पना वाईट नसते’ असे वाक्य. दोन तासांनंतर ज्यांचा आवाज मोठा असतो त्यांच्या तीन कल्पना फळ्यावर उरतात आणि सोमवारी आम्ही आधी ठरलेले तेच काम पुढे चालू करतो. मी मुळातच सर्जनशील नाही, असे मला कित्येक वर्षे वाटत होते, कारण त्या खोलीत मला काहीच सुचत नाही. सुचते ते संध्याकाळी वाकडच्या पुलावर गाडी अडकल्यावर.

नंतर वाचनात आले की ही पद्धत अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या अमेरिकी जाहिरातवाल्याची आहे आणि 1953 च्या त्याच्या पुस्तकाने ती जगभर गेली. येल विद्यापीठात 1958 मध्ये तिची परीक्षा झाली, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसून विचार केलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जवळजवळ दुप्पट भरली. 1987 मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचे एक मुख्य कारणही दाखवले, आणि ते अगदी साधे आहे: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, आणि थांबलेल्या माणसाची कल्पना तोवर विरून जाते. हे आमच्या व्यवस्थापकांना सांगितले. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावले.

एक प्रश्न मात्र उरतो. कामाची मुदत डोक्यावर असली की सर्जनशीलता मरते, असे आमच्याकडे सगळेच मानतात. हे खरे आहे का?

मुळाकाठची बाई

गणितवेडी, राग कसला. चूक माझीच आहे. पाटीची गोष्ट मी वर्गात सांगणार आहे.

प्रवासी, मुदतीबद्दल आपल्याला पुण्याबाहेर जावे लागणार नाही. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. माडगूळकरांनी लिहायचे, फडक्यांनी चाल लावायची आणि दर आठवड्याला नवे गीत हवेत गेलेच पाहिजे, असा तो वर्षभराचा वसा होता. त्या वर्षी अधिक महिना आल्याने गीते 56 झाली. कथा ठरलेली होती, पुढे काय होणार हे प्रत्येक श्रोत्याला ठाऊक होते, लांबी नभोवाणीच्या वेळेने बांधलेली होती आणि आठवडा कोणासाठी थांबत नव्हता. ‘मुक्त वातावरणात’ सर्जन फुलते, असे मानणाऱ्याने या चारही अटी एकदा मोजून पाहाव्यात. मुदत सर्वांना मानवते, असे मात्र मी म्हणणार नाही. माडगूळकरांनी तोवर चित्रपटांसाठी, प्रसंग सांगितला की गाणे लिहायचे, असे कितीतरी वर्षे केले होते. त्यांच्याजवळ साठा होता. साठा नसलेल्या माणसाच्या डोक्यावर मुदत ठेवली तर तो कोरी वहीच देणार, आणि माझ्या त्या विद्यार्थिनीला मी 35 मिनिटांची मुदत दिली होती, हे मला हा परिच्छेद लिहिताना जाणवते आहे.

एकत्र काम आणि एकत्र बसून कल्पना काढणे यांतही फरक करायला हवा. 1972 मध्ये पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभे राहिले त्यात तेंडुलकरांचे शब्द, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना होती. तिथे प्रत्येकजण आपली विद्या घेऊन आला होता. केवळ मत घेऊन आलेल्या दहा जणांची बैठक ही निराळी वस्तू आहे.

दोन मुलांची आई

मी इथे बहुधा फक्त वाचते, पण आज विचारावेसे वाटले. गेल्या वर्षी एका शिकवणीवर्गाने मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन तो ‘डाव्या मेंदूचा’ असल्याचा रंगीत अहवाल आम्हाला दिला. त्याला कलाशाखेपासून दूर ठेवावे आणि ‘उजवा मेंदू जागा करण्यासाठी’ त्यांचाच दुसरा वर्ग लावावा, असे त्यात लिहिले होते. आम्ही पैसे भरले. मुलगा आता चित्रे काढत नाही, कारण अहवालात तसे लिहिले आहे. यात काही तथ्य असते का?

गणितवेडी

ताई, ठशांवरून असे काहीही कळत नाही. डाव्या-उजव्या मेंदूच्या कल्पनेमागे मूळ संशोधन खरे आहे: अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पूल ज्यांच्यात कापलेला होता, अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी प्रयोग केले आणि त्यासाठी त्यांना 1981 चे नोबेल मिळाले. काही कामांत एक बाजू पुढाकार घेते, हेही खरे आहे. पण त्यावरून ‘हा माणूस डावा, तो उजवा’ अशी वर्गवारी बाजाराने काढली. यूटा विद्यापीठात 1,000 हून अधिक लोकांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या गेल्या आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला की सबंध मेंदूची एकच बाजू बलवान असलेली अशी माणसे आढळत नाहीत. तुमच्या मुलाचा पूल शाबूत आहे. अहवाल रद्दीत द्या आणि रंगपेटी पुन्हा त्याच्या हाती लागेल अशी ठेवा.

षड्ज

पेठकरांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आठवडा घेतला. पहाटेच्या विद्यार्थ्यांना विचारले की गेल्या महिन्यात दुसऱ्याचे गाणे बसून किती ऐकले. दोघांनी सांगितले, गाडीत लावतो. ती मुलगी मात्र आजोबांच्या जुन्या ध्वनिफिती रोज रात्री ऐकते, आणि एकच यमन तिने इतक्या वेळा ऐकला आहे की कोणत्या जागी श्रोत्यातला कोण खोकला, हेही तिला पाठ आहे. मी ज्याला देणगी म्हणत होतो त्यातला निदान काही भाग ऐकण्याचा होता. सगळा होता, असे मी अजूनही म्हणणार नाही. त्याच ध्वनिफिती तिचा भाऊही ऐकतो आणि त्याला साधा सूरही लागत नाही.

पेठकर

भाऊ ‘भावयित्री’ प्रतिभेचा असावा! थट्टा बाजूला ठेवतो, पण राजशेखर या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यमीमांसे’त निर्मिती करणारी कारयित्री आणि रसिकाची भावयित्री अशा दोन प्रतिभा मानल्या आहेत, आणि दुसरीला त्याने कमी लेखलेले नाही. त्याच ग्रंथात कवीची दिनचर्या आहे, ती बाईंच्या कच्च्या वहीशी थेट जोडलेली आहे. दिवसाचे चार प्रहर: पहिल्यात विद्यांचे अध्ययन, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात काव्यगोष्ठी, आणि चौथ्यात एकट्याने किंवा मोजक्या जाणकारांसह सकाळी लिहिलेल्याची परीक्षा. कारणही त्याने दिले आहे: रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याची दृष्टी पारख करणारी नसते, म्हणून नंतर तपासावे, जास्तीचे काढावे, उणे ते भरावे. एक हजार वर्षांपूर्वीचे हे वेळापत्रक आहे. त्यात स्फूर्तीची वाट पाहण्यासाठी वेगळा प्रहर राखलेला नाही.

हिंजवडीचा प्रवासी

आणि बैठक तिसऱ्या प्रहरी, रचना झाल्यावर! हे मी भिंतीवर लावणार आहे.

मुळाकाठची बाई

राजशेखराचे चार प्रहर वाचून या सत्रात एक बदल करायचे ठरवले आहे. निबंधाबरोबर कच्ची वहीही द्यायची आणि दहांपैकी चार गुण तिच्यावर: काय खोडले, का खोडले आणि त्याच्या जागी काय आले. त्या मुलीला काल सांगितले की घड्याळ बोलण्याआधी घरातले खरे घड्याळ कुठे टांगले आहे आणि ते बंद पडल्याचे प्रथम कोणाच्या लक्षात आले, एवढेच चार ओळींत लिहून आण. तिने सहा ओळी आणल्या. त्यांतल्या तीन खोडलेल्या आहेत आणि खोडलेल्यांतली एक ठेवलेल्यांपेक्षा चांगली आहे. त्यावर उद्या बोलणार आहोत.

पेठकर

कल्पना चांगली आहे, पण सावध करतो. आम्ही शाळेत विज्ञानाच्या प्रयोगवहीत आधी उत्तर लिहायचो आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणे भरायचो. गुण असतील तर मुले आधी पक्की वही पूर्ण करतील आणि मग सुबक खाडाखोड करून कच्ची वही तयार करतील.

मुळाकाठची बाई

करतील, याची मला खात्री आहे. खाडाखोड खरी वाटावी म्हणून कोणता शब्द आधी सुचला असता आणि तो का टाकला असता, याचा त्यांना विचार करावा लागेल. तेवढ्यासाठी मी चारही गुण द्यायला तयार आहे.